आयटीबी बसवताय? पाना आधी, लॅपटॉप शेवटी

आयटीबी म्हणजे काय हे तुम्हाला माहीत असणार, इंडिव्हिज्युअल थ्रॉटल बॉडीज, प्रत्येक सिलेंडरला हवा सोडणारी स्वतःची थ्रॉटल बॉडी, मध्ये प्लेनम (सगळ्यांची सामाईक हवेची पेटी) नाही, एवढंच. आवाज कसा भारी येतो यावर मी काही लिहिणार नाही. लिहून राहिलो ते यासाठी की इकडं नागपुरात पोट्टे चार बॉड्या बसवतात, गाडी चालू होते, पहिले दोन दिवस सगळे खूश, आणि मग दोन महिने तेच रडगाणं. आयडल वरखाली होते, व्हरायटी चौकाच्या सिग्नलवर गाडी बंद पडते, रेस दिली की आधी ठसका मग उडी. आणि प्रत्येक वेळी इलाज एकच, लॅपटॉप उघडा अन् ईसीयूच्या (इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या) मॅपमध्ये, म्हणजे किती पेट्रोल द्यायचं त्या तक्त्यात, पेट्रोल कमी-जास्त करा.

मीही हेच केलं होतं. जुनी बलेनो, १५९० सीसी, १६ व्हॉल्व्ह. तीन रविवार मॅपिंग केलं आणि चौथ्या रविवारी कळलं की ३ नंबर सिलेंडरचा रबरी जॉइनर (बॉडी आणि हवा इंजिनात नेणारा मॅनिफोल्ड यांना जोडणारी नळी) खालच्या बाजूनं फाटलेला आहे. म्हणजे तीन रविवार मी त्या फाटक्या रबरासाठी मॅप बनवत होतो. सगळा पुसून परत शून्यापासून.

म्हणून क्रम असा ठेवा: इंजिन, मग ईसीयू, मग लोखंडी काम, मग हवा, मग पेट्रोल, मग टायमिंग (स्पार्क कधी पडतो ते). मागचं पक्कं झाल्याशिवाय पुढं जायचं नाही. उदाहरणं चार सिलेंडरच्या १.३ ते १.६ लिटर पेट्रोल इंजिनाची देतो कारण आपल्याकडं एस्टीम, बलेनो, जिप्सी, जुनी सिटी यांच्यावरच हे काम जास्त होतं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत नोंदणीशी न जुळणारे बदल चालत नाहीत. ट्रॅक किंवा ऑटोक्रॉसची गाडी असेल तर ती ट्रॅकपुरतीच ठेवा.

१. पार्ट घ्यायच्या आधी इंजिन तपासा

आयटीबी लावल्यावर चारही सिलेंडर एकमेकांपासून वेगळे होतात. जुन्या प्लेनममध्ये एखाद्या सिलेंडरचं दुखणं झाकलं जातं, इथं ते उघडं पडतं.

कॉम्प्रेशन टेस्ट करा. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, फ्युएल पंप अन् इग्निशनचा फ्यूज काढलेला, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी आकड्यात १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला तर पैसे आधी हेडवर घाला. व्हॉल्व्ह क्लिअरन्स कंपनीच्या मॅन्युअलप्रमाणे करून घ्या. एक व्हॉल्व्ह टाईट असला तर त्या सिलेंडरचा व्हॅक्यूम कधीच बाकीच्यांशी जुळणार नाही, आणि तुम्ही तीन तास स्क्रू फिरवत बसाल.

> तपासणी: जुन्या सेटअपवर गाडी थंड अन् गरम दोन्ही वेळा एका हातात चालू होते का, आयडल स्थिर आहे का, धूर येतो का? यातलं एक जरी बिघडलेलं असेल तर आयटीबीनं ते सुधारत नसतं.

२. ईसीयू आधी, जुन्याच मॅनिफोल्डवर

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. ईसीयू, वायरिंग, इंजेक्टर, कॉइल, थ्रॉटल, सगळं एकाच वेळी बदलतात आणि गाडी चालू नाही झाली की दोष कुठं शोधायचा तेच कळत नाही.

मेगास्क्वर्ट, स्पीडुइनो किंवा जो कोणता स्टँडअलोन ईसीयू घेतला असेल तो आधी जुन्या मॅनिफोल्डवर, मॅप सेन्सरवर (हा मॅनिफोल्डमधला दाब मोजतो, पेट्रोलचा मॅप वेगळा) चालवा. क्रँक ट्रिगर, टायमिंग, कूलंट सेन्सर, इंजेक्टरचा डेड टाइम (करंट मिळाल्यावर उघडायला लागणारा वेळ), फॅन रिले हे सगळं इथंच पक्कं होऊ द्या. टायमिंग लॅपटॉपमधून १० अंशांवर लॉक करा आणि टायमिंग लाइट मारून पुलीवर खरंच १० दिसतं का ते बघा. लॅपटॉपवर १० आणि पुलीवर १६ असेल तर पुढचं सगळं ट्यूनिंग खोटं.

वाइडबँड सेन्सर (धुरातून हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा) सुद्धा याच वेळी बसवा. सायलेन्सरच्या पाईपवर बंग (सेन्सर बसवायची आट्यांची रिंग) वेल्ड करताना सेन्सर आडव्यापेक्षा निदान १० अंश वर झुकलेला राहील असं बघा, नाहीतर पाणी साचून सेन्सर मरतो.

महिनाभर अशीच चालवा. कंटाळा येईल, येऊ द्या.

३. बॉड्यांची निवड आणि टेबलावरचं काम

साईझबद्दल सगळ्यांना मोठंच हवं असतं. थोडा हिशेब करा: ४० मिमीच्या एका बोअरचं क्षेत्रफळ साधारण १२.५ चौरस सेंमी, चार मिळून ५०. जुनी एकच ५५ मिमीची बॉडी असेल तर ती २४ च्या आसपास. म्हणजे पहिल्या दिवसापासून हवेचं दार दुप्पट झालं. साध्या कॅमच्या १.३ लिटरला ३८ पुरतं, १.६ ला ४० पुष्कळ. ४५ लावून शहरात चालवणं म्हणजे पायाखाली स्विच ठेवल्यासारखं, चालू नाहीतर बंद.

बाईकच्या सेकंडहँड बॉड्या घेत असाल तर आधी हे बघा:

- स्पिंडल (हवा उघडबंद करणारी चकती, म्हणजे बटरफ्लाय, ज्यावर फिरते तो दांडा) बोटांनी वरखाली हलवून बघा. खुळखुळ जाणवली तर ती बॉडी नको. तिथून येणारी हवा कोणत्याच स्क्रूनं बंद होत नाही.
- काही बाईकमध्ये दुसरी बटरफ्लाय असते, मोटरवर चालणारी. ती काढायची, आणि तिच्या स्पिंडलची भोकं नीट बंद करायची.
- बाईकच्या बोअरमधलं अंतर कारच्या पोर्टशी जुळत नाही. बॉड्या वेगळ्या करून मध्ये स्पेसर टाकावे लागतात. हिंगणा एमआयडीसीत लेथवाले हे काम करून देतात, फक्त तोंडी सांगू नका, कागदावर माप काढून न्या. "अंदाजे ९० आहे भाऊ" म्हटलं की अंदाजेच बनून येतं.

बटरफ्लाय सोडवायची असेल तर आधी तिच्यावर नंबर आणि दिशा मार्करनं लिहा. तिची कड तिरकी घासलेली असते, उलटी बसवली की पूर्ण बंद होत नाही.

> सावधान: बटरफ्लायचे छोटे स्क्रू परत बसवताना थ्रेडलॉकर लावलाच पाहिजे. एक स्क्रू सुटला तर तो थेट सिलेंडरमध्ये जातो, मध्ये त्याला अडवणारं काहीच नाही.

आता टेबलावरच पहिलं जुळवणं करा. सगळे बायपास स्क्रू (बटरफ्लायला वळसा घालून थोडी हवा सोडणारे) हलक्या हातानं पूर्ण आत, सगळे स्टॉप स्क्रू (बटरफ्लाय किती बंद व्हावी ते ठरवणारे) बाहेर, बटरफ्लाय पूर्ण बंद. खोलीत अंधार करून मागून टॉर्च मारा. चारही बोअरमध्ये कडेनं दिसणारी उजेडाची रेघ सारखी बारीक दिसली पाहिजे. मग स्टॉप स्क्रूनं एका बॉडीत पातळ फीलर गेजची पट्टी जेमतेम सरकेल एवढं उघडा आणि लिंकेजनं (चारही बॉड्या एकत्र फिरवणाऱ्या दांड्यांनी) बाकीच्या तीन तशाच करा. ह्या अर्ध्या तासानं पुढचं निम्मं काम वाचतं.

४. मॅनिफोल्ड, जॉइनर, भोंगे

मॅनिफोल्डच्या फ्लँजवर सरळ पट्टी ठेवा आणि खालून फीलर घालून बघा. ०.०५ मिमीची पट्टी कुठं सरकली तर फ्लँज सपाट घासून आणा. वेल्ड केलेले मॅनिफोल्ड हमखास वाकलेले असतात, सिलिकॉनचा लगदा लावून ते सरळ होत नाहीत.

गॅस्केट नवीन घ्या आणि तिची भोकं पोर्टपेक्षा लहान नाहीत ना ते बघा. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेनं, दोन-तीन फेऱ्यांत, मॅन्युअलच्या टॉर्कवर कसा.

जॉइनरबद्दल जरा थांबतो कारण माझा रविवार इथंच गेला. बाजारात रंगीत सिलिकॉन होज मिळतो, दिसायला मस्त. पण इंजेक्टर जॉइनरच्या वर असेल तर पेट्रोल त्या होजवरून वाहतं, आणि साधं सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगतं, मऊ पडतं. तिथं पेट्रोलला टिकणारं रबर पाहिजे, नायट्राइल किंवा व्हायटॉन. इंजेक्टर मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे जॉइनरच्या खाली असेल तर सिलिकॉन चालतं. क्लॅम्प इतका आवळू नका की रबर कापलं जाईल.

भोंगे (बॉडीच्या तोंडावरचे हवा ओढणारे कर्णे) लावल्यावर बोनेट बंद होतं का ते बघायला घरची युक्ती आहे. प्रत्येक भोंग्यावर प्लॅस्टिक गुंडाळून वर कणकेचा गोळा ठेवा आणि बोनेट हळूच बंद करा. उघडून कणकेची जाडी मोजा. इंजिन माउंटवर हलतं, त्यासाठी १५-२० मिमी सोडा. भोंग्याच्या तोंडापासून फिल्टरच्या मागच्या भिंतीपर्यंत निदान भोंग्याच्या व्यासाएवढं अंतर पाहिजे, नाहीतर एवढा खर्च करून हवेचा गळा तुम्हीच आवळलात.

> सावधान: फिल्टरशिवाय एक दिवससुद्धा नाही. कोराडी-खापरखेडा रोडची राख, बाकी शहरात खोदकामाची धूळ, हे सगळं भोंग्यातून सरळ रिंगवर जातं. तेल लावलेला फोम फिल्टर लावा, जाळी म्हणजे फिल्टर नव्हे, ती फक्त पाखरं अडवते.

५. लिंकेज, केबल, स्प्रिंग

रिटर्न स्प्रिंग दोन पाहिजेत, आणि त्या एकमेकींवर अवलंबून नकोत. एक तुटली तर दुसरीनं थ्रॉटल बंद केला पाहिजे. यावर मी कोणाशी वाद घालत नाही.

पॅडलच्या खाली स्टॉप लावा. स्टॉप नसला तर तुमच्या पायाचा सगळा जोर केबलमधून स्पिंडलवर येतो आणि स्पिंडल पिळला जातो. १ आणि ४ मध्ये फरक पडायला लागला अन् कारण सापडत नाही अशा गाड्यांत हे पुष्कळदा निघतं.

गाडीत एकाला बसवून पॅडल पूर्ण दाबायला लावा. भोंग्यातून बघा, बटरफ्लाय बरोबर सरळ उभी झाली पाहिजे, थोडी कमी नाही, थोडी पुढंही नाही. जमलं तर केबलला गोल पुलीऐवजी कॅमच्या आकाराची पुली लावा, म्हणजे सुरुवातीला पॅडल जास्त हलतं अन् थ्रॉटल कमी. शहरातल्या गाडीला हा बदल हॉर्सपॉवरपेक्षा जास्त सुख देतो.

> तपासणी: इंजिन बंद ठेवून पॅडल दाबून सोडा, २० वेळा. प्रत्येक वेळी "टक्" आवाज करून पूर्ण बंद झालं पाहिजे. स्टेअरिंग दोन्हीकडं पूर्ण वळवून, बोनेट बंद करून परत बघा. एकदा जरी अडकलं तर चावी लावायची नाही.

६. व्हॅक्यूम, ब्रेक, ब्रीदर

ब्रेक बूस्टरची नळी एकाच सिलेंडरच्या रनरला (त्याच्या हवेच्या नळीला) जोडलेली मी इतक्या गाड्यांत पाहिली आहे की आता आश्चर्यही वाटत नाही. असं केलं की ब्रेक दाबला की तो एक सिलेंडर लीन होतो (हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं), आणि बूस्टरला व्हॅक्यूमही हेलकावे खात मिळतो. चारही रनरमधून सारख्या लांबीच्या बारीक नळ्या काढून एका छोट्या डब्यात आणा, तिथून वन-वे व्हॉल्व्ह लावून बूस्टरला. आयडल व्हॉल्व्ह ठेवणार असाल तर त्याची हवाही अशीच चारही सिलेंडरला सारखी वाटली गेली पाहिजे.

ब्रीदरची (इंजिनातली तेलाची वाफ बाहेर काढणारी) नळी कॅच कॅनमध्ये (तेल जमा करायच्या डब्यात) न्या, जुन्या पीसीव्हीचं (तीच वाफ परत इंजिनात देणाऱ्या व्हॉल्व्हचं) तोंड बंद करा. एका रनरला जोडली तर त्या सिलेंडरच्या प्लगवर तेल येतं.

> तपासणी: इंजिन बंद असताना ब्रेक चार-पाच वेळा दाबा, पॅडल कडक होईल. तसंच दाबून धरून स्टार्ट मारा. पॅडल थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर गाडी घराबाहेर काढायची नाही.

७. पेट्रोलची लाईन

प्रेशर ३ बार, रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढून ते तोंड हवेत मोकळं ठेवा, धूळ जाऊ नये म्हणून छोटा फिल्टर लावा. आयटीबीचा व्हॅक्यूम थरथरतो, तो रेग्युलेटरला दिला तर प्रेशरही थरथरतं.

इंजेक्टरचा ढोबळ हिशेब: १२० बीएचपीच्या चार सिलेंडरला, ८० टक्के ड्यूटी (इंजेक्टर उघडा असण्याचा वेळ) धरून, मिनिटाला २०० सीसीचा इंजेक्टर लागतो. पंपावर आता ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, इथेनॉलमुळं जरा जास्त पेट्रोल लागतं, म्हणून २४० घ्या. ४४० चे स्वस्तात मिळाले म्हणून घेऊ नका, आयडलला त्यांची पल्स इतकी छोटी होते की स्थिर राहत नाही. होज इथेनॉलला टिकणारा आणि हाय प्रेशरचाच घ्या.

> सावधान: पंप चालू करून, इंजिन न चालवता, १० मिनिटं प्रत्येक सांध्यावर टॉर्च मारून बघा. फायर एक्स्टिंग्विशर हाताशी पाहिजे, डिक्कीत सामानाखाली नाही.

८. टीपीएस

प्लेनम नसल्यामुळं आणि प्रत्येक रनर छोटा असल्यामुळं मॅप सेन्सरला स्वच्छ सिग्नल मिळत नाही. म्हणून इंधनाचा हिशेब थ्रॉटलच्या कोनावर आणि आरपीएमवर करायचा, यालाच अल्फा-एन म्हणतात. आता टीपीएस, म्हणजे थ्रॉटल किती उघडला ते सांगणारा सेन्सर, हा तुमचा मुख्य सेन्सर झाला. त्यात अर्ध्या टक्क्याची चूक म्हणजे आयडलला मिश्रणात मोठी चूक.

मल्टीमीटर लावून बंद थ्रॉटलला ०.५ व्होल्टच्या आसपास आणि पूर्ण उघड्याला ४.५ च्या आसपास येईल असा सेन्सर बसवा. ० किंवा ५ ला टेकू देऊ नका. हळूहळू उघडताना आकडा कुठं उडी मारत नाही ना ते बघा. सेन्सरची ग्राउंड वायर ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडलाच गेली पाहिजे, बॉडीला नाही.

आणि सगळ्यात जास्त होणारी चूक: स्टॉप स्क्रू फिरवला की टीपीएसचा शून्य परत कॅलिब्रेट करायचा. दर वेळी. लोक सिंक करताना (चारही बॉड्यांची हवा सारखी जुळवताना) स्टॉप स्क्रू फिरवतात, टीपीएस आता बंद असतानाही १.५ टक्के दाखवतो, मॅपचा भलताच सेल वाचला जातो, आणि मग म्हणतात "काल तर बरोबर होती, आज काऊन अशी करून राहिली".

९. पहिला स्टार्ट आणि गळती

गाडी चालू झाली, कशीबशी का होईना, की मॅपला हात लावू नका. इंजिन गरम होऊ द्या आणि आधी गळती शोधा.

कार्ब क्लीनर मारून गळती शोधायची पद्धत सगळ्यांना माहीत आहे, पण गरम एक्झॉस्टशेजारी तो पेट घेतो. त्यापेक्षा साध्या स्प्रे बाटलीत पाणी घ्या अन् एकेका सांध्यावर फवारा: फ्लँज, जॉइनरची खालची बाजू, स्पिंडलची टोकं, इंजेक्टरच्या ओ-रिंगा, व्हॅक्यूम नळ्या. कॉइल अन् वायरिंग वाचवून. जिथं पाणी पडल्यावर इंजिनाचा आवाज क्षणभर बदलतो तिथं गळती. जॉइनरची खालची बाजू हाताला येत नाही म्हणून सोडू नका, माझं तिथंच फाटलं होतं.

१०. सिंक

आता खरं काम. साधन दोनपैकी एक: भोंग्यावर धरायचा हवेचा मीटर, म्हणजे सिंक्रोमीटर, किंवा चार व्हॅक्यूम गेज. दोन्ही असतील तर फारच छान, का ते पुढं सांगतो.

सुरुवातीची परिस्थिती: इंजिन पूर्ण गरम, फॅन दोनदा चालू-बंद होऊन गेलेला, एसी बंद, फिल्टर काढलेला, आयडल व्हॉल्व्ह बंद केलेला, चारही बायपास स्क्रू पूर्ण आत. गेज वापरत असाल तर डब्याच्या बारीक नळ्या चिमटा लावून बंद करा, नाहीतर त्यांच्यातून व्हॅक्यूम एकमेकांत मिसळतो आणि चारही गेज खोटं खोटं सारखं दाखवतात. पण त्या डब्यावर ब्रेक बूस्टर आहे, तेव्हा गाडी जागेवरच, चाकांना ओट लावून. थंड इंजिनावर केलेलं सिंक टिकत नाही, अॅल्युमिनियम मॅनिफोल्ड तापून वाढतो आणि स्टीलचं लिंकेज त्याच्या निम्म्यानं.

अ) स्टॉप स्क्रूनं इंजिन १८००-२००० आरपीएमवर आणा. ज्या बॉडीला केबल जोडली आहे ती तुमची मुख्य बॉडी, तिचा आकडा लिहा. बाकीच्या तिघी लिंकेजच्या स्क्रूनं तिच्याशी जुळवा. सिंक्रोमीटरवर फरक अर्ध्या किलोग्रॅम-प्रतितासाच्या आत आला पाहिजे. आकडा नेमका किती यापेक्षा चारही सारखे आहेत का हे बघा.

आ) एक जुळवलं की बाकीच्यांचं थोडं हलतं, कारण आरपीएम बदलतं. म्हणून दोन-तीन फेऱ्या कराव्याच लागतात. एका फेरीत झालं म्हणणाऱ्यानं मोजलंच नाही.

इ) आता आयडलवर या, साध्या कॅमला ९००-१०००, रेसिंगच्या (हॉट) कॅमला ११००-१२००. परत मोजा. जिथं हवा सगळ्यात जास्त तो सिलेंडर सोडा आणि बाकीच्यांचे बायपास स्क्रू थोडे उघडून त्याच्याएवढे करा.

ई) ५-६ वेळा झटकन रेस देऊन सोडा आणि परत मोजा. आकडे बदलले तर लिंकेजमध्ये ढिलाई आहे किंवा कुठं घासतंय.

उ) २५००-३००० वर परत बघा.

हे डोक्यात पक्कं बसवा: रेस दिल्यावरचा फरक लिंकेजनं काढायचा, आयडलचा फरक बायपासनं. उलटं केलं, म्हणजे लिंकेजची चूक बायपासनं झाकली, की आयडल लोण्यासारखी होते आणि १० टक्के थ्रॉटलवर गाडी झटके देते. शहरात आपण सारा वेळ तिथंच असतो.

आता दोन्ही साधनं असल्याचा फायदा. मीटरवर चारही भोंगे सारखी हवा दाखवतात, पण एका सिलेंडरचा व्हॅक्यूम बाकीच्यांपेक्षा कमी आहे, अशा वेळी बटरफ्लायच्या खाली कुठूनतरी हवा शिरतेय किंवा त्या सिलेंडरचा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. तिथं स्क्रू फिरवून उपयोग नाही, पायरी १ आणि ९ वर परत जा.

> तपासणी: सिंक झाल्यावर चिमटे काढा, स्टॉप स्क्रूचा लॉकनट आवळा, टीपीएस शून्य परत कॅलिब्रेट करा, मगच फिल्टर लावा.

११. आता लॅपटॉप

टेबलमधले थ्रॉटलचे आकडे सारख्या अंतरानं ठेवू नका. ० ते १०० मध्ये सरळ वाटणी केली तर शहरातली सगळी गाडी दोन ओळींत येते. १६ ओळींसाठी मी असे ठेवतो: ०, १, २, ३, ५, ७, ९, १२, १५, २०, २५, ३०, ४०, ५५, ७५, १००. कमी आरपीएमवर, समजा २००० ला, २५-३० टक्क्यांच्या पुढं थ्रॉटल उघडून फारशी जास्त हवा जातच नाही, म्हणून तिथले वरचे सेल जवळजवळ सारखेच आले पाहिजेत. तुमच्या टेबलमध्ये तिथं डोंगर दिसत असेल तर मोजण्यात गडबड आहे.

टार्गेट लॅम्डामध्ये (खरं हवा-पेट्रोल प्रमाण भागिले आदर्श प्रमाण) ठेवा, एअर-फ्युएल रेशोमध्ये नाही. ई-२० चं आदर्श प्रमाण साधारण १३.५ आहे, शुद्ध पेट्रोलचं १४.७, आणि मीटर मात्र लॅम्डाला १४.७ नं गुणूनच दाखवतो. आकड्यांत गोंधळ होतो. लॅम्डा १ म्हणजे १, पेट्रोल कोणतंही असो. आयडल ०.९२ ते १, आरामात चालवताना ०.९५ ते १, फुल थ्रॉटल ०.८६ ते ०.८८.

क्रम: अॅक्सिलरेशन एनरिचमेंट (रेस देताना क्षणभर दिलेलं जादा पेट्रोल) शून्यावर. आधी आयडल. मग स्थिर थ्रॉटल, स्थिर आरपीएम, एकेक सेल, खालून वर. डायनो मिळाला तर तिथंच करा. नाही मिळाला तर बंद जागेत, एक जण चालवणार, दुसरा लॅपटॉप बघणार. समृद्धीवर जाऊन फुल थ्रॉटलचे सेल भरणं हा निव्वळ भैताडपणा, तिथली मर्यादा १२० आहे आणि मागून ट्रक येत असतो.

टायमिंग कंपनीच्या आकड्यांपेक्षा २-३ अंश कमी ठेवून सुरुवात करा. भोंग्यांच्या आवाजात नॉक (पेट्रोल आपोआप भडकण्याची ठकठक) कानाला कळत नाही, ऐकायला ब्लॉकवर माइक लावून हेडफोन घाला.

अॅक्सिलरेशन एनरिचमेंट सगळ्यात शेवटी. ठसका येतो म्हणून लोक हे पहिल्याच दिवशी वाढवतात, आणि खाली मूळ टेबलच लीन असतं.

१२. नागपूरचं ऊन

अल्फा-एनमध्ये ईसीयूला खरी हवा किती गेली ते कळत नाही, तो कोनावरून अंदाज करतो. जानेवारीच्या पहाटे १० अंश आणि मेच्या दुपारी ४६. या दोन्हींत हवेच्या घनतेत ११ टक्क्यांच्या आसपास फरक पडतो. म्हणून हवेच्या तापमानाचा सेन्सर आणि त्याची करेक्शन चालू असलीच पाहिजे.

पण सेन्सर कुठं लावता ते बघा. मॅनिफोल्डवर लावला तर वर्धा रोडला सिग्नलवर उभं राहिलं की तो ७० दाखवतो, ईसीयूला वाटतं हवा विरळ झाली, पेट्रोल कापतो, आणि सिग्नल सुटला की गाडी ठेचकाळते. खरी हवा तेवढी गरम नसते, सेन्सरच तापलेला असतो. फिल्टरच्या डब्यात, भोंग्यांच्या समोर, थंड हवेच्या वाटेत लावा, आणि ५५-६० अंशांच्या वरची करेक्शन जरा सौम्य करा.

दुसरं, हवेचा दाब. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरच्या आसपास, चिखलदरा ११०० च्या आसपास. वर गेल्यावर हवा ८-९ टक्क्यांनी कमी आणि तुमचा मॅप मात्र नागपूरचाच, म्हणजे गाडी घाटात काळा धूर सोडणार. जुना मॅप सेन्सर फेकू नका, त्याची नळी हवेत मोकळी सोडा आणि ईसीयूमध्ये त्याला बॅरो सेन्सर म्हणून लावा.

मेमध्ये काम करत असाल तर मॅपिंग सकाळी ६ ते ९. दुपारी पत्र्याच्या शेडखाली भरलेले आकडे सेन्सरच्या चुकीसकट भरले जातात.

१३. पहिल्या ५०० किलोमीटरनंतर

मॅनिफोल्डचे बोल्ट, थंड इंजिनावर, परत टॉर्कवर बघा. जॉइनरचे क्लॅम्प बघा. चारही प्लग काढून शेजारी शेजारी ठेवा, एकच वेगळा पांढरा दिसला तर त्या सिलेंडरची गळती आधी, मॅप नंतर. लिंकेजच्या बॉल जॉइंटना तेलाचा थेंब. गरम इंजिनावर सिंक परत मोजा, पहिल्या वेळी थोडं हललेलं असतंच. फिल्टर मी दोन महिन्यांनी धुतो, उन्हाळ्यात महिन्यानं. आणि चालू मॅपची कॉपी तारीख टाकून पेनड्राइव्हवर ठेवा, त्या दिवशी गरम आयडलला टीपीएसचा व्होल्टेज किती होता तेही फाइलच्या नावातच लिहा.